हॅमस्टर, भात आणि आग्रह

मुधोळ नावाची गावे दक्षिणेत एकाहून अधिक असल्यामुळे प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट ठरते. प्रस्तुत विवेचनातील मुधोळ हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले, घोरपडे संस्थानिकांचे आणि सडपातळ शिकारी कुत्र्यांचे मुधोळ नव्हे. त्या कुत्र्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले. या मुधोळच्या वाट्याला प्राण्यांच्या बाबतीत असा कोणताही सन्मान आलेला नाही. हे मुधोळ बासरच्या सरस्वतीचे आणि भैंशाच्या कापूसबाजाराचे शेजारी. निजामाच्या राज्यात ते नांदेड जिल्ह्यात होते, १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत ते आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात गेले, २०१४ साली राज्य बदलून तेलंगणात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्हा बदलून निर्मलमध्ये दाखल झाले. साठ वर्षांत गाव जागचे तसूभरही हलले नाही, परंतु त्याचा पत्ता तीनदा बदलला. घरातली मराठी मात्र टिकून राहिली. बदलले ते मुख्यतः रेशन.

हा प्रदेश काळ्या मातीचा, म्हणून मूळचा ज्वारी, तूर आणि कापूस यांचा. ज्वारीच्या मुलखात भात शिजे तो पाहुण्यासाठी, सणासाठी किंवा आजाऱ्यासाठी. रोजच्या पोटाची जबाबदारी भाकरीवर असे. पुढे १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने किलोला २ रुपये दराने तांदूळ देण्यास सुरुवात केली, तेलंगण वेगळे झाल्यावर २०१५ पासून तो माणशी ६ किलो, किलोला १ रुपया दराने मिळू लागला, आणि ३० मार्च २०२५ रोजी, म्हणजे उगादीच्या किंवा मराठी घरांतल्या गुढीपाडव्याच्या दिवशी, रेशनवर बारीक तांदूळ, ज्याला तेलुगूत सन्न बिय्यम म्हणतात, फुकट देण्याची योजना सुरू झाली. घरात तांदूळ मुबलक झाला म्हणजे तो कोणाला तरी घालावासा वाटतो, हा गृहस्थाश्रमाचा जुना नियम आहे. माणसे जेवून झाली, चिमण्यांना कण्या टाकून झाल्या, दारच्या कुत्र्याला उरलेला भात घालून झाला, की यजमानाची नजर नव्या याचकाच्या शोधात फिरू लागते, आणि घरात पाळीव हॅमस्टर असल्यास ती त्याच्या पिंजऱ्यावर येऊन स्थिरावते. हैदराबादच्या मुर्गी चौकासारख्या बाजारांतून आणि शहरोशहरीच्या दुकानांतून हा प्राणी मुलांच्या हट्टापायी आता लहान गावांतल्या घरांतही येऊ लागला आहे, त्यामुळे त्याला भात घालावा की नाही, घातल्यास कोणता, किती आणि कसा, हा प्रश्न शास्त्रीय चर्चेस पात्र झाला आहे.

हॅमस्टर हा कृंतक, म्हणजे आयुष्यभर वाढणाऱ्या दातांनी कुरतडत राहणारा प्राणी असून तो अंगाने उंदराहून भरीव, घुशीहून पुष्कळ लहान आणि शेपटीच्या बाबतीत असून नसल्यासारखा असतो. सर्वांत जास्त पाळली जाणारी सोनेरी किंवा सीरियन जात साधारण १०० ते १५० ग्रॅम भरते, तर बुटक्या जाती याच्या निम्म्याहूनही कमी भरतात. मराठीत त्याला स्वतंत्र नाव नसल्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी त्याला सरळ उंदीर म्हणतात आणि नातवंडे दर वेळी दुरुस्ती सुचवतात. प्राणिशास्त्र दोन्ही पक्षांना निम्मे-निम्मे गुण देते, कारण दोघांचा गण एक असला तरी कुळे वेगळी आहेत. १८३९ साली लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउस याने सीरियातील अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नंतर जवळजवळ शतकभर जगाने तिच्याकडे पाठ फिरवली. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात वाळूमाशीने पसरणाऱ्या काळ्या आजारासारख्या रोगांवर संशोधन करणारे सॉल अ‍ॅडलर यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे होते, म्हणून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. त्यांतली जी मोजकी जगली, त्यांचाच वंश आज जगभरच्या पिंजऱ्यांत चाकावर धावत आहे. अर्थात ज्या प्राण्यापुढे मुधोळमध्ये वरणभाताची वाटी सरकवली जाते, त्याचे पूर्वज कोरडवाहू मुलखातले असून गहू, सातू आणि कडधान्ये यांवर त्यांचे पोषण झाले होते. भाताशी त्यांचा संबंध मुधोळच्या पणजोबांपेक्षाही कमी होता.

या प्राण्याच्या चर्येवरून त्याच्याविषयी जे मत होते, ते बहुधा चुकीचे असते, आणि त्याला कारण त्याचे गाल. हॅमस्टरच्या दोन्ही गालांच्या आत एकेक लांब पिशवी असून ती तोंडापासून खांद्यांच्या मागेपर्यंत पोहोचते, आणि तिला मागे ओढून धरणारा एक स्नायू पाठीच्या कण्याकडे गेलेला असतो. पुढ्यात दाणा आला की तो पुढच्या दोन्ही पंजांत धरायचा, एकदा फिरवून उभा करायचा, पुढच्या दातांमागे सारायचा आणि गालात ढकलून द्यायचा, एवढी क्रिया निमिषार्धात उरकते. दुसरा दाणा लगेच, तिसरा त्याच्यामागोमाग, आणि बघता बघता त्या चेहऱ्याची रुंदी दुप्पट होते. ही सर्व प्रक्रिया बघणाऱ्या यजमानास प्राणी मन लावून जेवत आहे असे वाटून भरून येते, वास्तविक प्राणी जेवत नसतो, तो बांधाबांध करीत असतो. गाल भरले की तो कोपऱ्यातल्या आपल्या घरट्यात शिरतो, पंजांनी गाल मागून पुढे दाबत सगळा माल बाहेर काढतो, त्यावर थोडे कापूस-कागद पसरतो आणि रिकाम्या तोंडाने परत वाटीपाशी येतो, जणू अजून पानच वाढलेले नाही.

या पिशवीची रचना लक्षात घेतल्याशिवाय भाताचा प्रश्न सुटत नाही. तिच्या अस्तरात लाळेच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे आत ठेवलेला दाणा भिजत नाही आणि पचायलाही लागत नाही. ती तोंडाचा भाग असली तरी कामाने कोठार आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाही या पिशवीत इतकी ढिली असते की गेल्या शतकात शास्त्रज्ञांनी तिच्यात परक्या गाठींचे कलम करून त्यांची वाढ अभ्यासली. अशा कोठारात ज्वारीचा, गव्हाचा किंवा बाजरीचा कोरडा दाणा ठेवला तर तो जसा आत गेला तसाच बाहेर येतो. परंतु आसट शिजलेला, बोटांना चिकटणारा भात आत गेला तर तो अस्तराला धरून बसतो, पंजांनी दाबूनही पूर्ण निघत नाही, आणि त्या जागी सूज, दुर्गंधी व पू होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. क्वचित पिशवी उलटून तोंडाबाहेरही येते, आणि मग पशुवैद्याला गाठण्यावाचून गत्यंतर नसते. सारांश, मोकळा भात आणि गिजगिजीत भात यांतला जो फरक जेवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने केवळ सुगरणपणाचा आहे, तो हॅमस्टरच्या दृष्टीने शल्यचिकित्सेचा आहे.

आता तांदळाकडे वळता येईल. शिजवलेल्या पांढऱ्या भातात दर १०० ग्रॅमला सुमारे ७० ग्रॅम पाणी, २८ ग्रॅम पिष्ट आणि जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वाढत्या हॅमस्टरच्या कोरड्या आहारात प्रथिनांचे प्रमाण १६ ते १८ टक्के असावे असे मानले जाते, तेव्हा भात हा त्याचा आहार होऊ शकत नाही, फार तर तोंडाला चव होऊ शकतो. विष म्हणून तो त्याज्य नाही आणि पोषण म्हणून ग्राह्यही नाही. ज्याला घरगुती भाषेत ‘असला तर बरा, नसला तरी चालेल’ म्हणतात, त्या कोटीतले हे अन्न आहे. पिष्ट लवकर पचून त्याची साखर होते, आणि बुटक्या जातींना मधुमेहाचा धोका असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्यावा लागतो. तांदूळ बारीक असावा की जाड, यावर घरात जितकी चर्चा होते तितकी हॅमस्टरच्या बिळात होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यात, म्हणजे मुधोळच्या जुन्या जिल्ह्याचे केवळ नाव मिरवणाऱ्या गावात, दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात निवड करून एक बारीक वाण काढला आणि घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. तो तांदूळ पुढे कित्येक राज्यांत पोहोचला आणि माणसाच्या जिभेला त्याचे कौतुक वाटणे योग्यच आहे, तथापि गालात कोंबून अंधारात नेऊन ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला एचएमटी आणि कणी सारखीच. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले कृत्रिम दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळले गेले, ते शिजताना वेगळे दिसले म्हणून ठिकठिकाणी त्यांना प्लास्टिकचा तांदूळ ठरवण्यात आले. हॅमस्टरच्या चार शितांत तो अंश नगण्य असल्याने ही अफवा निदान त्याच्यापुरती तरी सोडून देता येते.

कच्च्या तांदळाविषयी मात्र सावधगिरी बाळगणे भाग आहे, आणि तीही दाण्यामुळे नव्हे तर डब्यामुळे. कच्चा दाणा कोरडा असल्याने गालपिशवीला तो मानवतो, आणि लोखंडी जाळी कुरतडण्याची उमेद बाळगणाऱ्या दातांना त्याचा काही त्रास नाही. परंतु मराठी घरात वर्षाचे धान्य भरताना तांदळाला पोरकिडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळण्याची पद्धत अद्याप आहे, काही घरांत पाऱ्याच्या टिकड्या पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवल्या जातात, आणि गोदामातला तांदूळ धुरीच्या औषधातून गेलेला असू शकतो. माणूस हा तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुतो, पाणी काढून टाकतो आणि मग शिजवतो. हॅमस्टरला मात्र डब्यात हात घालून चिमूटभर तांदूळ थेट दिला जातो, त्यामुळे त्याच्या वाट्याला बोरिक पावडरही प्रसादासारखी येते. तेव्हा कच्चा तांदूळ द्यायचाच असेल तर तो औषध न लावलेला, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेला आणि मोजून चार-सहा दाणे एवढाच असावा. बासरला सरस्वतीपुढे लहान मुलांचा अक्षराभ्यास करतात, त्या वेळी ताटातल्या तांदळात बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतले जाते आणि अक्षताही घरी आणल्या जातात. त्या हळदी-कुंकवाच्या अक्षता हॅमस्टरला बुद्धी यावी म्हणून घालण्याचा मोह टाळावा, कारण बाजारच्या कुंकवात काय असते हे विकणाराही छातीठोकपणे सांगत नाही. मुरमुरे हा त्यातल्या त्यात सोयीस्कर पदार्थ ठरावा, परंतु बाजारचे बहुतेक मुरमुरे खारवलेले असतात, आणि चिवड्यातला मुरमुरा तर तिखट-मिठासह फोडणीत न्हालेला असतो. ज्वारीच्या लाह्या, मीठ न लावलेल्या, या सर्वांहून सरस. पण सध्या चर्चा भाताची असल्यामुळे त्यांची शिफारस एका वाक्यात आटोपणे प्राप्त आहे.

खरा गुंता सुरू होतो तो शिजलेल्या भातापासून, कारण शिजलेला भात मराठी घरात एकटा कधीच नसतो. त्यावर वरण येते आणि वरणात हिंग, हळद, मीठ येते. तूप येते, लिंबू येते. तेलंगणात असल्यामुळे मुधोळमध्ये चिंचेचा आंबट पुलिहोरा आहे, लग्नकार्यात खड्या मसाल्याचा बगारा आहे, आणि रात्रीचा भात उरला तर सकाळी कांदा-मिरची घालून केलेला फोडणीचा भात आहे. यांपैकी एकही हॅमस्टरला चालत नाही. कांदा-लसूण त्याला बाधक, मिठाचा भार त्या चिमुकल्या मूत्रपिंडांना न पेलणारा, तेल-तुपाने हगवण लागण्याचा संभव, आणि आंबट पदार्थ तर गालपिशवीच्या अस्तरावर थेट बसणारा. त्यास चालणारा भात एकच, तो म्हणजे पाण्यात शिजवलेला, मीठ न घातलेला, मोकळा आणि निवलेला. परंतु असा भात एखाद्याच्या पानात वाढला तर तो ‘आजारी आहे का कोणी?’ असे विचारतो, आणि हीच भावना हॅमस्टरच्या बाबतीतही घरात प्रबळ असते. बिचाऱ्याला कोरडा भात कसा घालावा, निदान वरणाचे चार थेंब तरी, असे आजीला वाटते. आत्याला वाटते की दही तरी कालवावे, उन्हाळा आहे. काका काही न बोलता आपल्या पानातला पुलिहोरा जाळीतून आत सारतात.

येथे मराठी आदरातिथ्याच्या एका संस्थेचा विचार अपरिहार्य ठरतो आणि ती म्हणजे आग्रह. पंगतीत पाहुणा ‘नको, नको’ म्हणत हात आडवा धरतो, यजमान ‘एवढंसं घ्या हो’ म्हणत त्या हाताच्या फटीतून वाढतो, आणि दोघेही आपापल्या भूमिका चोख बजावतात. या व्यवस्थेत अन्नाचे प्रमाण ठरवणारा घटक म्हणजे पाहुण्याचा नकार, किंबहुना आग्रह करणाऱ्याचा सगळा हिशोबच समोरचा कधीतरी पानावर आडवा पडेल या गृहीतावर उभा असतो. हॅमस्टर या गृहीतालाच सुरुंग लावतो. तो कधीही नको म्हणत नाही, हात आडवा धरत नाही, ढेकर देत नाही. जितके वाढावे तितके गालात घालतो आणि नेऊन ठेवतो. नकार न मिळालेला आग्रह थांबायचा कोठे, याचे उत्तर पंगतीच्या शास्त्रात नाही. त्यातून वाढणारे एक असतात असेही नाही. सकाळी आजी, दुपारी शाळेतून आलेला नातू, संध्याकाळी शेजारची वहिनी आणि रात्री कामावरून परतलेले वडील, असे चार यजमान एकमेकांच्या नकळत चिमूट-चिमूट भात घालत असतात आणि चौघांचीही समजूत अशी असते की बिचाऱ्याला दिवसभर कोणी विचारले नाही.

हा चिमूटभर भात नेमका किती, हे काढण्यास साधे त्रैराशिक पुरते. हॅमस्टर १२० ग्रॅमचा आणि माणूस ६० किलोचा धरला तर माणूस त्याच्या ५०० पट होतो. चहाच्या चमच्यातला भात सुमारे ५ ग्रॅम भरतो. माणसाच्या मापाने तो अडीच किलो झाला, आणि चौघांनी प्रत्येकी एक चमचा घातला तर दहा किलो. येथे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे की लहान प्राण्याचे शरीर वजनाच्या मानाने अधिक इंधन जाळते, सोनेरी हॅमस्टर दिवसाकाठी १० ग्रॅमच्या आसपास कोरडे अन्न खातो, म्हणून हे त्रैराशिक जसेच्या तसे खरे मानता येत नाही. परंतु सूट कितीही दिली तरी १० ग्रॅमच्या खुराकापुढे २० ग्रॅम भात म्हणजे उत्साहाचा अतिरेकच ठरतो. सोसायटीच्या लग्नातही इतके वाढत नाहीत.

गंमत अशी की त्याच गावात, कित्येकदा त्याच घरात, उंदराला भात घालण्याचे प्रमाण अत्यंत काटेकोरपणे पाळले जाते, फक्त तो उंदीर दुसरा असतो. शेतातल्या आणि गोदामातल्या उंदीर-घुशींसाठी कृषी खात्याच्या सल्ल्यानुसार झिंक फॉस्फाइडचे आमिष करतात, त्यात ९६ भाग भरडलेले धान्य किंवा तांदळाची कणी, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग विष असे प्रमाण असते. त्याआधी दोन-तीन दिवस बिनविषारी दाणे ठेवून उंदरांचा विश्वास संपादन करण्याची रीतही आहे. याचा अर्थ शत्रूला घालावयाची कणी तराजूत तोलली जाते, तिला तेल चोळले जाते, पाहुण्यासारखी आधी ओळख करून घेतली जाते, आणि घरच्या लाडक्याला मात्र अंदाजपंचे मूठ उधळली जाते. यातला विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट गंभीरपणे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दोन्हीकडची कणी दिसायला सारखीच असते, तेव्हा आमिषाची परात, चमचा आणि त्या कामाला लावलेला हात यांपैकी काहीही हॅमस्टरच्या वाटीच्या आसपास फिरकता कामा नये. सीरियातल्या शेतकऱ्यांनाही हॅमस्टर पिकाचा नासाडखोर वाटतो आणि तेथेही त्याच्यासाठी विष ठेवले जाते. जगभर पिंजऱ्यांत लाखोंनी असणारा हा प्राणी आपल्या मूळ गावी दुर्मीळ होऊन संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला आहे. इकडे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ साली काढलेल्या पेशींचा वंश औषधनिर्मितीत रुजला, आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली आणलेले रिडिटक्स हे कर्करोगावरील औषध अशाच पेशींकडून तयार करून घेतले जाते. म्हणजे तेलंगणाने या कुळाचा पाहुणचार घ्यायलाही मागेपुढे पाहिलेले नाही.

योग्य प्रमाण शोधण्यासाठी परदेशी पुस्तके धुंडाळण्याची खरे तर गरज नाही, कारण ते मराठी पानाच्या उजव्या अंगाला पूर्वीपासून मांडून ठेवलेले आहे. जेवणास प्रारंभ करण्यापूर्वी पानाभोवती पाणी फिरवून बाजूला भाताची जी चार-पाच शिते ठेवतात, त्यांना चित्राहुती म्हणतात; ती चित्र, चित्रगुप्त, यम आणि सर्व भूतमात्र यांच्या नावाने असतात. सोनेरी हॅमस्टरला एका वेळी पुरेसा होणारा भात बरोबर एवढाच, आणि बुटक्याला त्याच्या निम्मा. तोही रोज नव्हे, आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा. चित्राहुती घालणारा त्या शितांना ‘अजून थोडी घ्या’ असे म्हणत नाही, यातच या विधीचे आहारशास्त्रीय श्रेष्ठत्व सामावलेले आहे. फरक इतकाच की हॅमस्टरचा वाटा तूप, वरण आणि मीठ यांच्या आधी, थेट पातेल्यातून उचललेला असावा. चित्राहुतीतला एक भाग यमाचा असतो, ही बाब फोडणीचा भात हातात घेऊन पिंजऱ्याकडे निघालेल्याने विशेष मनात बाळगावी.

शिळ्या भाताचे प्रकरण याहून कडक आहे. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात टिकून राहणारी कवचबंद रूपे, बहुधा असतातच आणि ते साध्या उकळीला दाद देत नाहीत. भात शिजून कोमट अवस्थेत पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही असे विष सोडतात की पुन्हा गरम केल्यानेही ते जात नाही. माणसाला यामुळे उलटी होते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. कृंतकांना उलटी करता येत नाही, तेव्हा एकदा आत गेलेले त्यांना निस्तरावेच लागते. त्यातच हॅमस्टरच्या जठराचा पुढचा कप्पा मुळात अन्न आंबवण्यासाठीच असतो. आदिलाबादकडचा उन्हाळा पारा ४५ अंशांच्या आसपास नेतो, अशा हवेत रात्री आठला वाटीत घातलेल्या भाताची पहाटेपर्यंत काय अवस्था होते ते सांगण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही, नाक पुरते. आणि हॅमस्टर निशाचर असल्यामुळे त्याचा मुख्य वावर नेमका याच वेळात असतो. दिवसा तो झोपलेला असताना घरातली मंडळी भात घालतात आणि त्याने हात लावला नाही म्हणून आणखी ताजा घालतात.

म्हणून वाटीतला भात तासा-दोन तासांत उचलावा असे सर्व जाणकार सांगतात, परंतु एवढ्यावर थांबणारा पालक निम्मेच काम करतो, कारण तोवर वाटी बहुधा रिकामी झालेली असते आणि रिकामी वाटी हा खाल्ल्याचा पुरावा नसून स्थलांतराचा आहे. माल घरट्याखाली गेलेला असतो. तेथे तो घाम धरतो, त्यावर बुरशी चढते, आणि शिते तेथे भुते या न्यायाने मुंग्यांची रांग पिंजऱ्याचा पत्ता शोधत येते. सबब भात दिलेल्या दिवशी रात्री उशिरा किंवा दुसऱ्या सकाळी कोठारावर छापा घालणे अनिवार्य होते. पुरवठा खात्याचे छापे आणि हे छापे यांत मोठा भेद असा की येथे साठेबाज समोरच बसून सर्व पाहत असतो, त्याला पळून जाता येत नाही, आणि तो पंचनाम्यावर सही करण्याऐवजी बोटाला चावतो. शिवाय एकदा छापा पडला की तो कोठाराची जागा बदलतो, चाकाच्या मागे, नळकांड्याच्या तोंडाशी, क्वचित शौचाच्या कोपऱ्यालगत, म्हणजे जेथे अधिकाऱ्याला हात घालणे नकोसे वाटेल अशा ठिकाणी.

या कारवाईत उत्साही पालक सगळेच साफ करून टाकतात, आणि ते मात्र वावगे आहे. साठा हे या प्राण्याचे मन:स्वास्थ्य आहे. कोठार पूर्ण रिकामे सापडले तर तो अस्वस्थ होतो, रात्रभर जाळी कुरतडतो आणि मिळेल ते दुप्पट वेगाने गोळा करू लागतो. म्हणून जप्तीचा नियम असा पाळावा की ओले ते सर्व उचलावे, आणि कोरडे धान्य, खराब झालेले नसल्यास, थोडेफार त्याच जागी परत ठेवून वर त्याचाच कापूस पसरावा. उचललेल्यात भाताचे वाळून कडक झालेले गोळे, काकडीचा सुकलेला तुकडा आणि आजीने गुपचूप दिलेली, सर्वांनी एकमुखाने नाकारलेली शेंगदाण्याची चटणी निघते. ज्वारीचे दाणे तेवढे मागे राहतात, आणि मालक लगेच खाली वाकून ते मोजल्यासारखे हुंगून घेतो.